सुतकात निखळलेली कॅप

मंगळवारी अकरा वाजता डॉक्टरांनी माझा दात घासला. त्याच दिवशी चार वाजता माझी बायको मंगला गेली.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही, असं मला सगळ्यांनी सांगितलं. मुलीनं सांगितलं, दातांच्या डॉक्टरांनी सांगितलं. शरीरापुरतं ते खरं आहे. पण त्यानंतरचे अडीच महिने माझ्या दाताचं जे झालं ते मंगलाच्या जाण्यापासून वेगळं काढून मला लिहिता येत नाही. दाताला कॅप बसवणं ही साधी गोष्ट असते. लोक दुपारी बसवून येतात आणि संध्याकाळी कामाला लागतात. ती साधी गोष्ट मी कशी बिघडवली, हे दुसऱ्या कुणाच्या उपयोगी पडावं म्हणून लिहितो आहे.

रंग

मी एका कॉलेजात ग्रंथपाल होतो. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतच शिडीवरून घसरलो आणि वरचा पुढचा दात कपाटाच्या फळीवर आपटला. तो पडला नाही, पण हळूहळू करडा झाला. तेव्हापासून हसताना तोंडावर हात धरायची सवय लागली. पुढे हसणंच कमी झालं. मंगला म्हणायची, "तुमचे दात आपल्या लग्नाच्या अल्बममध्येच आहेत. त्याच्यानंतर एका बी फोटोत नाहीत."

निवृत्तीच्या वर्षी त्या दाताच्या मुळाशी हिरडीवर पुळी आली आणि तिच्यातून पू यायला लागला. आम्ही ब्राह्मणपाऱ्यात राहतो. रायपूर राजधानी झाल्यापासून समता कॉलोनीत घराघरावर दवाखान्याच्या पाट्या लागल्या आहेत, त्यांतल्या एका पाटीखाली मंगलानं मला नेऊन बसवलं. डॉक्टर तिशीतली मुलगी होती. तीन बैठकांत तिनं दाताची नस काढून आतली जागा भरली. आता दात ठिसूळ होणार, वरून कॅप बसवावी लागेल, म्हणाली. आत धातू असलेली कॅप घेतली तर पुढे हिरडीपाशी काळी रेघ दिसू शकते, पुढच्या दाताला पूर्ण सिरॅमिकची बरी. मंगला लगेच हो म्हणाली.

त्या मंगळवारी रंग निवडायचा होता, म्हणून ती बरोबर आली. "तुम्हाले रंगातलं काय समजते? तीस वर्षं खाकी पँटीवर जांभळा स्वेटर घालून कॉलेजात गेले तुम्ही."

दवाखाना पहिल्या मजल्यावर आहे. जिन्याच्या वळणावर ती पायरीवर बसली. पाठीत चमक भरली म्हणाली.

मी म्हणालो, "अकराची वेळ आहे, उशीर होतोय."

हे वाक्य मी इथे जसंच्या तसं लिहितो आहे. त्यात काही कमी-जास्त केलेलं नाही.

वर आल्यावर डॉक्टरांनी तिला पाणी दिलं. मग नमुन्याच्या दातांची पट्टी काढली. पांढऱ्यापासून पिवळटापर्यंत सोळा दात, प्रत्येकाच्या मागे नंबर. डॉक्टर माझ्या ओठाजवळ एकेक धरून बघू लागल्या. मंगला उठली आणि म्हणाली, "बाहर उजाले में चलिए, डॉक्टर. ट्यूबलाइट में तो मैं साड़ी भी नहीं लेती."

गोल बाजारातले कापडवाले तिला ओळखायचे. ती ठाण उचलून थेट रस्त्यावर उन्हात न्यायची. तसं तिनं मला आणि डॉक्टरांना दवाखान्याच्या दारात उभं केलं. डॉक्टरांनी एक फिका नमुना सुचवला.

"इतका पांढरा नको," मंगला मला म्हणाली. "माणूस निवृत्त झालेला अन् दात आत्ताच बारशाला आलेला, असं दिसन." तिनं स्वतः पट्टी हातात घेतली, दोन नमुने आलटून पालटून धरले आणि दुसरा निवडला. चहा पिणाऱ्या माणसाचा रंग. "हा. बसला की हसून दाखवा मले. हात न लावता."

डॉक्टरांनी नंबर लिहून घेतला. मग हिरडीत सुई दिली, दात चारही बाजूंनी घासून खुंटाएवढा केला, माप घेतलं आणि वरून प्लॅस्टिकची तात्पुरती कॅप कच्च्या सिमेंटनं चिकटवली. पक्की कॅप आठ दिवसांत येणार होती.

घरी आलो तेव्हा माझा वरचा ओठ बधिर होता. मंगलानं खिचडी केली. माझ्या ओठावरून दही ओघळलं त्याला ती हसली. मी झोपलो. चार वाजता उठलो तेव्हा ती स्वयंपाकघरात जमिनीवर होती. शेजाऱ्यांनी गाडी काढली. हॉस्पिटलात त्यांनी आत नेलंच नाही, बाहेरच सांगितलं.

लोखंड

माझे थोरले भाऊ, दादा, रातोरात अमरावतीहून आले. आम्हाला एकच मुलगी, केतकी. अग्नी मी दिला. घाटावरून परत आलो तेव्हा दारातच दादांनी कडुनिंबाचा पाला हातावर ठेवला. तो पुढच्या दातांनी चावला तेव्हाच कॅप हलली असावी. तिसऱ्या दिवशी अस्थी घेऊन आलो, जेवायला बसलो, पोळीचा तुकडा तोडला आणि कॅप पोळीबरोबर हातात आली.

केतकीनं डॉक्टरांना फोन लावून माझ्या कानाला दिला. त्यांना मंगलाचं कळलं होतं. आधी त्याबद्दल बोलल्या. मग म्हणाल्या, "अंकल, कैप निकल गया है तो आज ही आ जाइए. पाँच मिनट लगेंगे. खुला मत छोड़िए. मसूड़ा ऊपर चढ़ आएगा, बाजू के दाँत सरक जाएँगे, फिर पक्का कैप बैठेगा नहीं."

दादा खुर्चीत बसून ऐकत होते. "कोन आहे?"

"दाताची डॉक्टर. कॅप परत चिकटवायची म्हणते. पाच मिनिटांचं काम आहे."

"सुतकात?"

मी हातातल्या कॅपकडे बघितलं.

"नखं काढून राहिला का तू? दाढी करून राहिला का? मंग दाताले मशीन कशी लावतं? ज्यानं अग्नी दिला त्याच्या अंगाले दहा दिवस लोखंड लागत नाही, प्रभाकर. बाबा गेले तवा मी पायातला काटा बी काढला नव्हता."

केतकी मराठी सगळं समजते, पण उत्तर हिंदीतच देते. "बड़े पापा, ये कौन-सी किताब में लिखा है?"

"किताबीत नाही. आपल्या घरात आहे."

"और आप जो रोज सुबह शुगर के लिए उँगली में सुई चुभाते हो? सूतक तो आपको भी है न?"

"ते औषध आहे, बेटा."

"तो ये क्या है?"

"हा शौक आहे," दादा म्हणाले. "या वयात दात चमकवणं शौक नाही तं काय?"

केतकीनं माझ्याकडे बघितलं. दादांनीही बघितलं. हिरडीत पू होता, दात वाचवायचा होता, हे मला सांगता आलं असतं. मी म्हणालो, "राहू दे, केतकी. दहा दिवस तर आहेत."

दादांना दोष देणं सोपं आहे आणि मी तो बरेच दिवस दिला. पण मला कुणी बांधून ठेवलं नव्हतं. शौक हा शब्द मला लागला, कारण तिसऱ्या दिवसापर्यंत मी स्वतःशी तोच शब्द घोकत होतो. तिला जिन्यात चमक आली तेव्हा मी माझ्या शौकासाठी घाई करत होतो. दात उघडा राहिला तर राहू दे, असं मला वाटलं. काहीतरी माझंही बिघडायला हवं होतं. सुतकात लोखंड लागू नये हे कुठल्या ग्रंथात आहे, हे मी आजवर बघितलेलं नाही. लोकांना ग्रंथ शोधून देण्यात माझं नोकरीचं आयुष्य गेलं. एवढा एक संदर्भ मी शोधला नाही.

निखळलेली कॅप मी कागदात गुंडाळून खिशात ठेवली.

दहा आणि तेरा

यात फसवणारी गोष्ट अशी, की नस काढलेला दात दुखत नाही. गार पाणी लागत नाही, काही नाही. फक्त जीभ सारखी त्या खुंटाकडे जाते. लोक भेटायला येत, मी मान हलवत असे, जीभ खुंटावर. दुखत नाही म्हणजे थांबायला हरकत नाही, असं मी धरून चाललो.

आठव्या दिवशी दवाखान्यातून फोन आला. पक्की कॅप तयार होऊन आली होती.

दहाव्या दिवशी खारुन नदीच्या घाटावर पिंड ठेवले. कावळा लगेच शिवला. दादांनी हात जोडले. "सुटली. काही इच्छा राहिली नव्हती तिची." तिची एक इच्छा मला माहीत होती. न्हाव्यानं डोकं आणि दाढी केली, म्हणजे लोखंड लागलं. तिथूनच समता कॉलोनीत जाता आलं असतं. केतकी चावी हातात घेऊन उभी होती. दादा म्हणाले, "तेरवी होऊ दे. तीन दिवसानं काय होते?" आणि मी पुन्हा गाडीत दादांच्या शेजारी बसलो.

अकराव्या दिवशी वरचा ओठ जड झाला. बाराव्या दिवशी नाकाच्या कडेपर्यंत सूज आली. आता मात्र दुखत होतं, ठोके मोजता येतील असं. केतकीनं लवंगेचं तेल लावलं. लावताना म्हणाली, "आई होती तो आपको घसीटकर ले जाती." त्यानंतर ती माझ्याशी दोन दिवस बोलली नाही. ताट समोर ठेवायची आणि जायची.

तेराव्याला माणसं आली. पान वाढलं होतं, मला घास उचलता येत नव्हता. डोळा अर्धा मिटलेला, गाल ताणलेला. बायका दारातूनच एकमेकींना सांगत होत्या, "रडून रडून काय हाल करून घेतले भाऊंनी." एक दूरचे नातेवाईक पाठीवर हात ठेवून म्हणाले, "रो लो, भैया, रो लेने से मन हल्का होता है." मी तोपर्यंत एकदाही रडलो नव्हतो. तो पू होता. लोक त्याला दुःख समजले आणि समाधानानं जेवून गेले.

दुसऱ्या दिवशी दादा निघाले. स्टेशनवर जायच्या आधी त्यांनी माझी हनुवटी उजेडाकडे फिरवून बघितली. "अबे, किती सुजलं हे! दाखवून घे आता. काहून अंगावर काढून राहिला?"

त्यांना स्वतःचं बोलणं आठवत नव्हतं. मी आठवण करून दिली नाही. त्यांच्या पाया पडलो.

केसभर फट

डॉक्टर रागावल्या. "इतने दिन, अंकल? मैंने फोन पर क्या कहा था?" सुतक होतं, मी म्हणालो. त्या ट्रेमधली हत्यारं मांडू लागल्या. "मेरे पापा के समय मैंने छठे दिन क्लिनिक खोल दिया था," त्या म्हणाल्या. "मरीज का पस छठे दिन भी पस ही होता है."

दातात वरून नवी वाट करून त्यांनी पू काढला. औषधाच्या गोळ्या आठ दिवस. नसेची जागा पुन्हा साफ करायची, आत औषध भरायचं, दहा दिवस थांबायचं, पुन्हा उघडायचं. असं तीनदा झालं. त्यांनी स्वच्छ सांगितलं की मूळ साथ देईल याची खात्री नाही. पुन्हा पू आला तर दात काढावा लागेल.

ते दिवस मला नीट आठवतात, कारण करण्यासारखं दुसरं काही नव्हतं. पुढून काही चावायचं नाही. पोळी दुधात, भात कुस्करून. वैशाखाचं ऊन होतं. शेजारच्या चाची सकाळी कटोरीत बासी आणून द्यायच्या, म्हणजे रात्रीचा भात पाण्यात भिजवलेला, वर दही. "ले गा भैया, ठंडा हे, चबाय ला नइ परय." सुजलेल्या हिरडीला तो गार, आंबूस, चावावा न लागणारा भात बरा वाटायचा. त्या अडीच महिन्यांत जे थोडं सुखाचं झालं त्यात ती कटोरी पहिली धरतो.

सहाव्या आठवड्यात सूज पूर्ण गेली. डॉक्टरांनी वर चढलेली हिरडी कापून सारखी केली आणि कपाटातून डबी काढली. माझी पक्की कॅप. मी ती तेव्हा पहिल्यांदा बघितली. तांदळाच्या पिठाच्या उकडीसारखी, कडेला थोडी पारदर्शक. मंगलाचा रंग.

ती बसली नाही. शेजारचे दोन्ही दात आत सरकले होते. डॉक्टरांनी कॅपच्या बाजू अगदी थोड्या घासल्या, पुन्हा लावली, पुन्हा काढली. अर्धा तास त्या तेच करत होत्या आणि मी छताकडे बघत होतो. ही कॅप बसावी एवढंच मला हवं होतं.

शेवटी त्यांनी मला आरसा दिला. समोरून दात पूर्ण दिसत होता. "दिखने में ठीक है," त्या म्हणाल्या. "पर किनारे पर बाल बराबर गैप है. आपको नहीं दिखेगा. उसमें से लार जाएगी, खाना जाएगा. आप कहेंगे तो मैं चिपका दूँगी. पर साल-डेढ़ साल में जड़ फिर सड़ेगी, और तब दाँत ही जाएगा."

"आणि नवीन केली तर?"

"नई नाप लेंगे. जड़ अभी अच्छी है. सँभालेंगे तो पंद्रह साल."

केतकी शेजारच्या स्टुलावर होती. तिचं म्हणणं मी एकदा नाकारलं होतं, आता निर्णय माझा होता. मी पुन्हा आरशात बघितलं. मंगलानं निवडलेला दात तोंडात होता आणि तो ठेवला तर दीड वर्षात सगळंच गेलं असतं. मंगला असती तर या गोष्टीवर तिनं दोन मिनिटंही घालवली नसती. ठाणात दोष निघाला की ती ठाण परत द्यायची, कितीही आवडलेलं असो.

मी म्हणालो, "काढा. नवीन करा."

माप घेताना डॉक्टरांनी पुन्हा नमुन्यांची पट्टी काढली. "इस बार थोड़ा ब्राइट ले लें, अंकल?"

"नाही. नंबर तुमच्याकडे लिहिलेला आहे."

त्यांनी पट्टी खाली ठेवली. "हाँ," त्या म्हणाल्या, "आंटी वाला."

नवी कॅप आली त्या दिवशी सिमेंट लावायच्या आधी केतकीनं ती मागून घेतली आणि दारात उन्हात नेली. तिथून मला बोलावलं. माझ्या ओठाजवळ धरून बघितली. "मिलता है, बाबा," ती म्हणाली. मग मराठीत म्हणाली, "आईनं बरोबर निवडला होता." तिथे, दवाखान्याच्या दारात, मी पहिल्यांदा रडलो.

ज्यांना बसवायची आहे त्यांच्यासाठी

तात्पुरती कॅप निघाली तर त्याच दिवशी जा. ती जपून ठेवा आणि बरोबर न्या. घरात लग्न असो की सुतक, दात वाट बघत नाही. दुखत नाही, यावर विश्वास ठेवू नका. नस काढलेला दात दुखायला लागतो तेव्हा उशीर झालेला असतो. आणि घरात कुणी मोठं माणूस जाऊ नको म्हणालं, तर आधी स्वतःला विचारा की तुम्हालाच जायचं नाही का. मी हे विचारलं नाही.

पक्की कॅप बसल्यावर ती किडत नाही, पण तिच्या खालचा दात हिरडीच्या कडेला किडतो. मी दोन वेळा मऊ ब्रशनं घासतो आणि रात्री दोन दातांमधून धागा फिरवतो. धागा खाली ओढत नाही, बाजूनं काढतो. पेरू पुढच्या दातांनी चावत नाही, कापून खातो. चिक्की सोडली. दातानं दोरा तोडायची सवय होती, तीही सोडली. झोपेत मी दात आवळतो असं डॉक्टरांना दातांवरच्या खुणांवरून दिसलं. पूर्वी आवळत नव्हतो. त्यांनी रात्री घालायला पारदर्शक साचा करून दिला आहे. सहा महिन्यांनी दाखवायला जातो. जिन्याच्या वळणावर थांबतो, मग वर जातो.

आता

मूळ टिकलं आहे. पू पुन्हा आलेला नाही.

दादांचा महिन्यातून एकदा फोन येतो. दात कसा आहे विचारतात. बरा आहे, म्हणतो.

पहिली कॅप मी डबीसकट मागून घेतली. ती मंगलाच्या बांगड्यांच्या कप्प्यात आहे.

डॉक्टर म्हणाल्या, सिरॅमिकचा रंग बदलत नाही. बाकीचे दात चहानं आणि वयानं पिवळे होत जातील, हा होणार नाही. आत्ताच थोडा फरक दिसतो. हा एक दात त्या मंगळवारच्या रंगाचा आहे.

अजून मी हसताना हात लावतो. दात शाबूत आहे. तिला हसून दाखवायचं राहिलं.